किन्नौरमार्गे स्पिती: एकटीची मोटरसायकल सफर

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात शिरायला दोन वाटा आहेत. मनालीकडून पहाटे निघालं तर त्याच संध्याकाळी स्पितीच्या मुख्य गावात, काझ्यात, पोचता येतं, म्हणून सुट्टी कमी असलेले सगळे तोच रस्ता धरतात. माझं मत पक्कं आहे: शिमल्याकडून चढा, किन्नौर पार करा आणि परतताना मनालीत उतरा. विशेषतः एकटे जात असाल तर. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास आणि वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. एवढी चढाई एका दिवसात शरीराला झेपेलच असं नाही. उलट नारकंडा 2,700, कल्पा 2,960, नाको 3,600 च्या पुढे, अशा पायऱ्या मिळाल्या की काझ्यात झोप शांत लागते. सोबत कुणी असेल तर डोकं भणभणायला लागल्यावर गाडी दुसऱ्याच्या हातात देता येते. एकटीला ती सोय नाही.

पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडी रेल्वेने पाठवली. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आरसे काढून ठेवलेले बरे. पॅकिंगवाले स्टेशनबाहेरच भेटतात. हेडलाइट आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हरांवर गोणपाटाचे दोन थर द्यायला समोर उभं राहून सांगा. गाडी उतरवून घेतल्यावर पहिलं पेट्रोल बाटलीतून घालावं लागतं, तेव्हा स्टेशनजवळचा पंप आधीच शोधून ठेवा.

शिमला, नारकंडा, रामपूर हा रस्ता चांगला आहे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी सुरुवात किन्नौरच्या हद्दीत होते. तिथे सतलजच्या वर कड्याच्या पोटात रस्ता कोरलाय, डोक्यावर खडकाचं छप्पर आणि डाव्या-उजव्या कुठल्या तरी बाजूला सरळ खाली नदी. सप्टेंबरमध्ये सफरचंदांचा हंगाम असतो, पेट्यांनी भरलेले ट्रक समोरून येतात. वळणावर हॉर्न द्या आणि ट्रकला डोंगराकडची बाजू हवी असेल तर थांबून जाऊ द्या.

दगडांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे ताम्हिणीत किंवा वरंध्यात पाऊस उघडला, रस्ता वाळला की दरडीची धास्ती कमी होते. तोच हिशोब इथे लावू नका. हे डोंगर ठिसूळ आहेत. लख्ख उन्हातही वाऱ्याने किंवा वर चरणाऱ्या शेळीच्या पायाने दगड सुटतो आणि रस्त्यावर येईपर्यंत गोळीसारखा झालेला असतो. ऑगस्ट 2021 मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरीजवळ बस आणि इतर वाहनांवर दरड कोसळून अनेक माणसं गेली. मी पाळलेला नियम साधा: रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे दगड किंवा पांढरी भुकटी दिसली की तिथे फोटो नाही, पाणी पिणं नाही, थांबणं नाही. आधी वर बघायचं, मग तो तुकडा एका दमात पार करायचा. दगड कधीही येऊ शकतो, म्हणून चहाच्या टपरीवर गाडी लावतानासुद्धा कड्यापासून दूर लावायची. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौर टाळाच. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण तिथवर नेणारा रस्ता पर्जन्यछायेत नाही.

कल्पाला दोन रात्री राहा. समोर किन्नर कैलास, 6,050 मीटर, आणि उन्हं चढताना शिखराचा रंग बदलत जातो. खाली पोवारीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्या, कारण पुढचा भरवशाचा पंप काझ्याला, जवळजवळ दोनशे किलोमीटरवर. मी पाच लिटरचा कॅन बांधला होता आणि तो परतीच्या टप्प्यात जास्त उपयोगी पडला.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडला की झाडं संपतात आणि का गावच्या वळणांनी रस्ता एकदम उंच चढतो. नाकोच्या पुढचा मलिंगचा पट्टा वर्षानुवर्षं खचत आलाय. तो सकाळीच उरकावा, असं होमस्टेच्या आजींनी बजावलं होतं, आणि ते अगदी खरं निघालं.

ताबोला मी सगळ्यात जास्त रमले. मठाची स्थापना 996 सालची. बाहेरून पाहिलं तर मातीच्या बसक्या भिंती, एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या बाजूसारख्या. त्यामुळे कित्येक जण दहा मिनिटांत निघून जातात. तसं करू नका. मुख्य देवळात आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत उभं राहायचं. मग भिंतीतून एकेक मूर्ती पुढे येते, माणसाएवढी, माती-चुन्याची, भिंतीला पाठ टेकून जणू अधांतरी बसलेली, आणि त्यांच्या खाली-वर निळ्या-तांबड्या रंगातली चित्रं. हजार वर्षांपूर्वीचा हात इतक्या जवळून बघायला मिळतो. आत फोटो काढू देत नाहीत, ते योग्यच आहे. लहान टॉर्च न्या, पण भिंतीवर रोखून धरू नका. लामांना विचारून मगच लावा.

काझ्यात पंप, बाजार, दवाखाना आणि एटीएम आहे. एटीएमवर विसंबू नका, रोकड जवळ ठेवा. फोनसाठी बीएसएनएलचं एक कार्ड असलेलं बरं. पोचल्या दिवशी हिक्किम-कोमिककडे धाव घेऊ नका. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एक दिवस गावात चाला, भरपूर पाणी प्या, थुकपा (नूडल्सचं गरम सूप) खा. डोकेदुखीबरोबर मळमळ आणि तोल जाणं सुरू झालं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, खाली उतरायचं. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल घरूनच डॉक्टरांशी बोलून या. मुक्कामाच्या घरी रोज सकाळी आपला रस्ता आणि पोचायची वेळ सांगून निघा. बाई एकटी आहे म्हणून मला कुठेच वाईट अनुभव आला नाही. उलट पुढच्या गावच्या घरी फोन करून "हमारी दीदी आ रही है" असं कळवलं जायचं.

आता शेवटचा आणि सगळ्यात कठीण टप्पा: लोसर, कुंझुम, बातल, छत्रू, ग्रांफू. काझा ते मनाली साधारण दोनशे किलोमीटर, मध्ये पंप नाही आणि बातलनंतर बराच वेळ फोनही नाही. कुंझुमवर सगळ्या गाड्या देवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात, मीही घातली. बातलच्या अलीकडे चंद्रतालचा 14 किलोमीटरचा फाटा. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, मुक्काम अलीकडच्या कॅम्पवर. तो निमुळता रस्ता दुपारच्या आत करा.

या टप्प्यात रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी वितळणाऱ्या बर्फाचं असतं. पहाटे ते घोट्याएवढं असेल, तर दुपारी दोननंतर गुडघ्यापर्यंत येतं आणि गढूळ झाल्याने तळ दिसत नाही. म्हणून चंद्रतालहून मी उजाडताच निघाले. नाल्याशी आधी गाडी लावून उतरायचं. जिथे पाणी खळखळतं तिथे सहसा खोली कमी. जिथे संथ, काळसर दिसतं तिथे खड्डा. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. बंद पडलीच तर स्टार्टर मारत बसू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. ढकलून बाहेर काढा. सगळ्यात महत्त्वाचं, एकट्याने मोठा नाला ओलांडायचाच नाही. दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं. छत्रूच्या अलीकडे मी तशीच थांबले होते. एक पिकअपवाला आला, पाणी पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मेरे टायर के निशान पे आना." पलीकडे जाऊन तो मी येईपर्यंत उतरून उभा राहिला.

ग्रांफूला लेहचा रस्ता मिळाला की खडबडाट संपतो. कोकसरवरून सिस्सूच्या दिशेने गेलात की अटल बोगदा, 9.02 किलोमीटर. शिरण्याआधी गॉगल काढा, जाकीट चढवा. मनालीत पोचल्यावर लगेच चेन धुऊन तेल घाला आणि ब्रेक पॅड उघडून बघा. माझ्या मागच्या पॅडमध्ये वाळू अडकून ते अर्धे झिजले होते, आणि खाली मंडीपर्यंत अजून बराच उतार बाकी असतो.