अंधारात काय दिसतं, विचारलंत म्हणून

"रात्री डोंगर चढता? अंधारात दिसतं तरी काय?" हे मला सासूबाईंनी विचारलंय, ऑफिसात जवळपास सगळ्यांनी विचारलंय, मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेव्हा तोंडात कापूस होता म्हणून उत्तर राहिलं. तर आता एकदाच लिहून टाकते. काहीही दिसत नाही हो, आणि मी जाते ती त्याचसाठी.

हे समजावायचं तर आधी माझी कळसूबाईची पहिली फेरी सांगायला लागेल, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण उंच आहे म्हणून अवघड आहे असं अजिबात नाही. बारी गावातून वाट चांगली मळलेली आहे, जिथे कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या लावल्यात, नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका साध्या चपला घालून, पोरं बरोबर घेऊन वर दर्शनाला जातात. मी मात्र एप्रिल महिन्यात, सकाळी साडेनऊला, महागाचे बूट घालून चढायला घेतलं आणि पहिली शिडी चढून जी बसले ती बसलेच. वाटेवर सावली जवळजवळ नाही. पण खरा घात उन्हाने नाही केला, डोळ्यांनी केला. समोर एक टोक दिसतं, वाटतं हेच, तिथपर्यंत मरत मरत जावं तर त्याच्या मागे दुसरं उभं, त्याच्यावर मुंग्यांसारखी माणसं आणि त्या मुंग्या वर अजून कुठेतरी बघतायत. मी ते बघून हिशोब केला, आणि हिशोब केला की माणूस संपला. देवीला तिथूनच हात जोडले, खाली येऊन लागोपाठ दोन ग्लास लिंबू सरबत प्यायले आणि घरी "मस्त झाला ट्रेक" सांगितलं.

दुसऱ्यांदा गेले ते डिसेंबरात, रात्री, नऊ जणांच्या ग्रुपबरोबर. डोंबिवलीहून कसारा लोकल, उतरल्यावर आधीच फोन करून ठरवलेली जीप, त्या जीपमध्ये मागे सात जण आणि सगळ्यांच्या सॅका मांडीवर, घाट, घोटी, मग बारी. एक वाजता गावात पोचलो तर कुत्री सोडून कोणी जागं नव्हतं. चढायला लागलो दीडला.

आणि हेडलॅम्पच्या उजेडात डोंगर केवढा असतो सांगू? चार हात. पुढच्याच्या टाचा, थोडी माती, एखादा दगड, संपला. वर बघितलं तर काळं, खाली बघितलं तर काळं. टोकं सगळी तिथेच होती, एकही दिसत नव्हतं, मग हिशोब कशाचा करणार? पाय उचलायचा, ठेवायचा, गप्पा मारायच्या. ज्या शिडीवर एप्रिलमध्ये माझी फेरी संपली होती ती कधी आली आणि गेली ते मला कळलंच नाही, दुसरी शिडी आली तेव्हा मी विचारलं ही पहिली ना. थंडीत त्या लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखं होतं, तेवढं आठवतंय.

फक्त एक नियम, अंधारात कुणी एकटं पुढे पळायचं नाही. पुढे एक लीड, मागे एक टेल, दोघांनाही वाट पायाखालची पाहिजे, बाकीचे मधे. आणि टेलच्या लगेच पुढे सगळ्यात हळू चालणारं माणूस, म्हणजे जन्मजात मी. आमचा टेल हा एक अत्यंत अबोल प्राणी आहे. दमलेल्या माणसाला "चला चला, आलंच" म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो (सह्याद्रीतली 'दहा मिनिटं' ही एक वेगळीच गोष्ट आहे, ज्याने भोगलंय त्याला माहितीये), पण हा असलं काही म्हणत नाही. मी धापा टाकायला लागले की ह्याच्या बुटाची नाडी सुटायची. "थांब जरा, नाडी," म्हणून खाली बसायचा, दोनेक मिनिटं लावायचा, मग "हं, चल". मला वाटत होतं काय वेंधळा माणूस आहे, नाडी धड बांधता येत नाही. आठव्या की नवव्या वेळेला माझा उजेड चुकून त्याच्या पायावर पडला, तर बुटाला नाडी नव्हतीच, वेलक्रो होतं. मी काही बोलले नाही, तोही नाही, आणि त्यानंतरही वर जाईपर्यंत ती नाडी अजून तीनदा सुटली.

बुटांवरून आठवलं, आमच्यातल्या एकीचे बूट सहा वर्षं माळ्यावर खोक्यात होते, "एकदम नवे आहेत गं" म्हणून घालून आली आणि दुसऱ्या शिडीनंतर डाव्या पायाचा अख्खा सोल भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटला. न वापरलेले बूट नवेच राहतात हा गैरसमज आहे, कितीतरी ट्रेकिंग शूजमध्ये सोलच्या आत फोमचा थर असतो आणि दमट हवेत तो नुसता पडून पडून आतल्या आत भुगा होतो, मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. माझा स्टोल फाडला, अर्धा डाव्या पायाला गुंडाळला. "उजवा टिकेल," असं ती ठामपणे म्हणाली, पुढच्या वीस मिनिटांत उरलेला अर्धा उजव्या पायाला. तशीच चढली, तशीच उतरली, आणि आमच्यापेक्षा जास्त फोटो तिच्या पायांचे निघाले.

चूक झाली ती वेगळीच. आम्ही लवकर पोचलो. मी सगळ्यांना उशीर करणार असं गृहीत धरून वेळ काढला होता आणि साडेचारला आम्ही वर. डिसेंबरात सूर्य उगवतो सातच्या आसपास. म्हणजे अडीच तास घामाने भिजलेले कपडे आणि माथ्यावरचा वारा. गावातून आपण साधारण आठ-नऊशे मीटर वर येतो, तेवढ्यानेच हवा पाच-सहा अंशांनी गार होते, आणि वर ओला टीशर्ट असला की दात वाजायला लागतात. ज्यांनी कोरडा टीशर्ट आणला होता ते सुखी, ज्यांनी त्याऐवजी चिवड्याची तिसरी पिशवी आणली होती (मी) ते प्लॅस्टिकची चटई अंगाभोवती गुंडाळून बसले. तर अडीचच्या आधी पाय उचलू नका, एवढं माझं ऐका.

देऊळ एवढंसं आहे, दाटीवाटीने आळीपाळीने आडोशाला बसलो. गावात सांगतात ती गोष्ट अशी की काळू नावाची मुलगी पायथ्याच्या एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस पाटलाकडे पाहुणे खूप आले आणि तिला नेमकी हीच कामं सांगितली. तिने ती केली आणि डोंगरावर निघून गेली, परत आलीच नाही. पहाटे पाचला चटईत गुंडाळून ही गोष्ट ऐकताना घरची रविवारची बेसिन डोळ्यापुढे आली आणि मला ती बाई फार जवळची वाटली.

हां, एक गोष्ट दिसते अंधारात, ती म्हणजे आकाश. पौर्णिमा बघून जाऊ नका, अमावास्येच्या आसपास जा. मृग पश्चिमेला कललेला होता, त्याच्या मागोमाग व्याध, आणि उत्तरेकडे सप्तर्षी वर आलेले. मग पूर्वेला फटफटायला लागलं, खाली भंडारदऱ्याचं पाणी आधी राखाडी मग पांढरं झालं, अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एकेक करून बाहेर आले. सूर्य वर आला तेव्हा सगळे पूर्वेकडे मोबाइल धरून उभे, आमचा टेल पाठ करून उभा. त्याच्या बाजूला बघितलं तर आमच्याच डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेकडे लांबच लांब पडलेली.

आता हे वाचून लगेच कुठल्याही डोंगरावर रात्री सुटू नका. कळसूबाईला चालतं कारण वाट ठळक आहे. पावसाळ्यात नको, शिड्या निसरड्या आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसत नाही, शिवाय लाँग वीकेंडला शिडीखाली रांग लागते, बारीला गेल्यासारखं नाही तर दादरच्या पुलावर उभं असल्यासारखं. आणि तो ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. पहाटे तीनला दरीतून ढिंच्यॅक गाणं वर येतं तेव्हा त्या माणसाबद्दल जे मनात येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उतरताना उजेडात सगळी टोकं दिसली, एकामागे एक. गुडघे कुरकुरत होते तरी प्रत्येकापाशी थांबून नीट बघून घेतलं. गावात पिठलं-भाकरी खाल्ली, रात्री नऊला घरी.

सासूबाईंनी फोटो मागितले. सूर्योदयाचे सगळे सोडून त्या चढतानाच्या फोटोवर अडल्या, ज्यात काळ्या स्क्रीनवर नुसते आठ ठिपके आहेत.

"ह्यात तू कुठली गं?"

"शेवटून दुसरी."

त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी ठिपका मोठा केला आणि बराच वेळ बघत बसल्या.