तुम्ही विचारलंत म्हणून : लांडग्याचा शब्दकोश

जुलै लागला की फोन सुरू होतात. "सर, पंधरा ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलीला अमेरिकेच्या एखाद्या अध्यक्षाचं स्वातंत्र्यावरचं भाषण करायचंय. कुठलं देऊ?" इतिहास शिकवणं थांबवून बरीच वर्षं झाली, तरी हा प्रश्न माझ्याकडेच येतो. आणि विचारणाऱ्याने मनात अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण आधीच ठरवलेलं असतं.

गेटिसबर्ग उत्तमच. १९ नोव्हेंबर १८६३, जेमतेम पावणेतीनशे शब्द. लिंकनच्या आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते, त्यातलं आज कुणाला काही आठवत नाही. पण 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' हे नागरिकशास्त्रात इतकं घोटून झालंय की पोरं ते पाढ्यासारखं म्हणतात.

मी सुचवतो ते बाल्टिमोरचं भाषण. लिंकनचंच, पाच महिन्यांनंतरचं, १८ एप्रिल १८६४चं. जखमी सैनिकांसाठी पैसे उभे करायला तिथे मोठी जत्रा भरवली होती. जागा मात्र अवघड. बाल्टिमोर ज्यात येतं ते मेरीलँड राज्य, गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या बाजूला राहिलेलं, तरी तिथे गुलाम बाळगणं अजून कायदेशीर होतं. लिंकनचा १८६३चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा, फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोर भागांपुरताच होता. तीन वर्षांपूर्वी याच शहरातून जाणाऱ्या सैनिकांवर जमावाने हल्ला केला होता. अशा ठिकाणी उभं राहून लिंकन म्हणाला की 'स्वातंत्र्य' या शब्दाची चांगली व्याख्या जगाला कधी मिळालेलीच नाही. शब्द सगळ्यांच्या तोंडी एकच. कुणाला त्यातून आपल्या कष्टाचं फळ आपल्याला मिळावं एवढंच म्हणायचं असतं, तर कुणाला दुसऱ्याच्या कष्टाचं आपण वाटेल ते करावं ही मोकळीक हवी असते.

आणि मग ती गोष्ट. धनगर लांडग्याला मेंढराच्या नरड्यापासून हुसकावतो. मेंढरू त्याला मुक्तिदाता मानतं. लांडगा ओरडतो, याने माझं स्वातंत्र्य बुडवलं! त्यातून मेंढरू काळं असेल तर विचारूच नका. मेरीलँडच्या मतदारांनी त्याच महिन्यात नवी राज्यघटना करण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्यावर लिंकन म्हणतो, लांडग्याचा शब्दकोश या लोकांनी फेटाळला. ती घटना पुढे मंजूर झाली आणि गुलामगिरी गेली, पण अवघ्या ३७५ मतांच्या फरकाने, तेही सैनिकांची मतं मोजल्यावर.

एका वर्षी सातवीतल्या मुलीने सराव थांबवून विचारलं, "सर, मेंढरू काळंच का?" तोवर मीही ते वाक्य विनोद म्हणूनच बसवून घेत होतो. मग तिला भाषणाचा उरलेला भाग वाचून दाखवला. सहाच दिवसांपूर्वी टेनेसीतल्या फोर्ट पिलो या किल्ल्यावर लिंकनच्या बाजूच्या, शरण येणाऱ्या काळ्या सैनिकांची बंडखोरांनी कत्तल केल्याची बातमी होती. काळ्यांना सैन्यात घेण्याची जबाबदारी माझी, असं लिंकन तिथे सरळ सांगतो आणि कत्तल सिद्ध झाली तर बदला घेऊ असंही म्हणतो. तो बदला काही घेतला गेला नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती.

धनगरही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हेही मी सांगतो. १८६१मध्ये याच बाल्टिमोरच्या महापौराला आणि मेरीलँडच्या कित्येक आमदारांना लिंकनच्या सरकारने खटल्याशिवाय कोंडलं होतं. सगळ्यांनाच लांडगे ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

"आपल्या मुलांना अमेरिकेचं कशाला?" असंही कुणी विचारतं. जोतीराव फुल्यांना असं वाटलं नव्हतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच नजर केलं. शूद्रातिशूद्रांची गोष्ट सांगताना त्यांना तिकडचं उदाहरण परकं वाटलं नाही.

तर, द्यायचं असेल तर हे द्या. स्पर्धेला चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात व्याख्या आणि मेंढराची गोष्ट नीट बसते. 'लांडग्याचा शब्दकोश' म्हणताना हातवारे नकोत, आवाज थोडा खाली आणायचा. फोर्ट पिलो वेळेअभावी गाळावं लागेल, पण मुलीला ते घरी वाचायला द्या. ती काळ्या मेंढराबद्दल विचारेल, तेव्हा तयारीत असा.