तीन संगणक, एक स्पीकर

दिवाणखान्यातल्या जुन्या अँप्लिफायरला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक जोडून त्यावर शेअरपोर्ट सिंक बसवले; अ‍ॅपलच्या एअरप्ले पद्धतीने नेटवर्कवरून आलेला आवाज वाजवणारा हा प्रोग्राम. मॅकच्या ध्वनीयादीत ‘दिवाणखाना’ हे नाव लगेच उमटले. लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायरचे राओप हे एअरप्लेवर आवाज पाठवणारे मोड्यूल सुरू करावे लागले, तर विंडोजमध्ये एअरप्ले अंगभूत नसल्याने आयट्यून्सचा आधार घ्यावा लागला, आणि त्यातून ब्राउझरमधली गाणी काही वाजत नाहीत. खरी संध्याकाळ खाल्ली ती राउटरने: रास्पबेरी पाय मध्येच चुकून पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर गेला होता आणि उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी यूडीपी ५३५३ या पोर्टवरून जी हाक देतात, ती तिथून पलीकडे पोहोचतच नव्हती. आता पायला सरळ केबल लावली आहे. बटण दाबल्यावर सूर उमटायला सुमारे २ सेकंद लागतात. गाण्यांना ते चालते, खेळांना मुळीच नाही.