व्हेटसाठी कायदा-एथिक्सचा ऑनलाइन कोर्स: तास भरण्यापलीकडे काय बघायचं

व्हेटना, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, लायसन्स टिकवायला बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासांचं शिक्षण चालू ठेवावं लागतं, आणि रिन्यू करायची तारीख जवळ आली की त्यांच्या ग्रुपवर हमखास एक प्रश्न फिरायला लागतो, लॉ-एथिक्सचे, म्हणजे कायदा आणि नीतीचे, तास सगळ्यात पटकन कुठे पूर्ण होतील? सर्जरीचा किंवा अल्ट्रासाउंडचा वेबिनार असला की हीच मंडळी वेळ काढून बसतात, प्रश्न विचारतात, रेकॉर्डिंग पुन्हा बघतात. कायद्याचा असला की तो दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवायचा, शेवटची क्वीझ अंदाजाने सोडवायची, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, झालं. मला हे मनापासून खटकतं. कारण दिवसभराच्या ओपीडीत खरंच जिथे गाडी अडते ते प्रश्न बरेचदा औषधाचे नसतातच. आजार कळलेला असतो, उपाय माहीत असतो, पण मालकाला खर्च झेपत नाही, किंवा घरातल्या दोघांचं एकमत होत नाही, किंवा समोरचा म्हणतो जनावर आणत नाही, मागच्या वेळची गोळीच फोनवर सांगा, आणि या तिन्ही ठिकाणी काय करायचं ते फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आधी तासांचं बोलू, कारण सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं. ब्रिटनमध्ये आरसीव्हीएसने, म्हणजे व्हेटची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेने, जानेवारी 2020 पासून व्हेटना वर्षाला 35 तास आणि व्हेटरनरी नर्सना 15 तास असा नियम केला, आणि 2022 पासून त्यात एक गोष्ट सक्तीची झाली ती म्हणजे रिफ्लेक्शन, म्हणजे काय शिकलो आणि त्याने माझ्या कामात काय बदलणार ते स्वतः लिहायचं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 36 तास लागतात. उत्तर अमेरिकेत कोर्स तपासून मान्यता देणारा रेस नावाचा प्रोग्राम आहे, कोर्सच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख दिसतो तो त्यासाठी. प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे, त्यात लाइव्ह किती आणि रेकॉर्डेड किती चालतं तेही वेगळं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी आपल्या कौन्सिलचा किंवा बोर्डाचा नियम स्वतः वाचावा, कोर्सवाल्यांच्या शब्दावर जाऊ नये. पण यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रिफ्लेक्शनच. अमेरिकेतल्या व्हेटच्या शपथेतही आपलं ज्ञान आणि क्षमता सतत वाढवत राहणं हे आयुष्यभराचं कर्तव्य म्हणून स्वीकारलेलं आहे, आणि शपथेत कुठेही तास मोजलेले नाहीत.

आता लोक म्हणतात कायदा कॉलेजात शिकलो की, परत परत काय शिकायचं. गेल्या काही वर्षांतच किती बदललं बघा. युरोपियन युनियनचा औषधांबद्दलचा नवा नियम 28 जानेवारी 2022 पासून लागू झाला आणि जनावरांना सरसकट, सवयीने अँटिबायोटिक देणं बंद झालं. अमेरिकेत 11 जून 2023 पासून पाळीव जनावरांसाठीची, माणसांच्या उपचारातही महत्त्वाची असलेली, दुकानात सहज मिळणारी उरलीसुरली अँटिबायोटिक्स प्रिस्क्रिप्शनखाली आली. ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 2023 पासून, औषध लिहून देण्यासाठी जनावर ‘आपल्या देखरेखीखाली’ असावं लागतं म्हणजे नक्की काय याची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. कॅलिफोर्नियात 2024 पासून व्हिडिओ कॉलवरूनही व्हेट, मालक आणि पेशंटचं नातं कायदेशीरपणे सुरू करता येतं, पण तसं सुरू केलं तर प्रत्यक्ष न तपासता अँटिबायोटिक 14 दिवसांच्या वर लिहिता येत नाही. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसाने त्या वेळी अगदी बरोबर शिकलेली गोष्ट आज चूक असू शकते. आणि टेलिमेडिसिनचा प्रश्न आता सगळीकडेच आहे, कारण मालक व्हिडिओ पाठवून मोकळा होतो आणि उत्तराची वाट बघत बसतो.

कायदा नुसता पाठ करून भागत नाही, त्याच्यामागचं कारण कळलं पाहिजे, यासाठी मला डायक्लोफेनॅकचं उदाहरण सगळ्यात मोठं वाटतं आणि प्रत्येक कोर्समध्ये ते असावं असं माझं ठाम मत आहे. दक्षिण आशियात गाईगुरांना दुखण्यावर, सुजेवर हे औषध सर्रास दिलं जायचं, स्वस्त, गुण लगेच, मालक खूश. ते दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढायचा. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून 2004 साली हे कारण सिद्ध झालं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटलेली होती. 2006 मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्याच, त्या गुरांना वापरल्या जायला लागल्या, म्हणून भारताला 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीपुरतीच ठेवावी लागली. मग असिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक आलं, ते तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं, त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर भारतात 2023 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. आणि या सगळ्या काळात गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक हाताशी होतंच.

आता यात व्हेटच्या जागी उभं राहून बघा. समोर एक लंगडणारी गाय आहे, तिला आराम देणं हे माझं काम आहे, औषधाने तिला आराम मिळतोही आहे. गिधाड माझं पेशंट नाही, ते मला दिसतही नाही. तरी माझ्या सिरिंजमधून जे गेलं त्याची जबाबदारी गाईपाशी संपते का? बंदी यायच्या आधी, पण संशोधन छापून आल्यानंतर, जो व्हेट तेच इंजेक्शन देत राहिला तो कायद्याने पूर्ण बरोबर होता. एथिक्सने? कायदा आणि नीती यांच्यातली ही फट एखाद्या स्लाइडवर व्याख्या वाचून समजत नाही, अशा उदाहरणावर चार लोकांनी भांडलं की समजते. हेच पेंटोबार्बिटलचं, म्हणजे जनावराला कायमचं झोपवायला देतात त्या औषधाचं. युथनेशिया, म्हणजे हे वेदना न होता मरण देणं, नीट झाली, जनावर शांतपणे गेलं, पण औषध त्या मृतदेहात राहतं आणि तो उघड्यावर टाकला तर खाणारा पक्षी किंवा कुत्रा दगावतो, त्यामुळे पुढची विल्हेवाट मालकाला समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग धरायला हवा.

एथिक्समध्ये बर्नार्ड रोलिन हे नाव माहीत असायलाच हवं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले तत्त्वज्ञ, 1978 च्या सुमारास त्यांनी व्हेट विद्यार्थ्यांना हा विषय शिकवायला घेतला, 2021 मध्ये ते गेले. त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे, व्हेट हा मुलांच्या डॉक्टरसारखा की गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखा? गाडीचा मालक म्हणाला दुरुस्त करू नको, भंगारात घाल, तर मेकॅनिक घालतो. मुलाच्या डॉक्टरला आईवडील असं काही सांगू शकत नाहीत. आणि व्हेटला? कायदा बहुतेक ठिकाणी जनावराला मालमत्ता धरतो, म्हणजे मेकॅनिकच्या बाजूने झुकतो. ब्रिटनमधल्या व्हेटची शपथ मात्र ‘सर्वांत आधी’ जनावराचं आरोग्य आणि कल्याण असं म्हणते. सुदृढ, तरुण कुत्र्याला ‘आम्ही घर बदलतोय’ म्हणून कायमचं झोपवायला आणलं जातं तेव्हा या दोन बाजू एकाच टेबलावर येतात आणि निर्णय काही मिनिटांत घ्यायचा असतो. त्यावर आधी कधी नीट विचारच केलेला नसेल तर त्या मिनिटांत जो जास्त आग्रह धरेल त्याचंच चालतं. सुचलेली सगळी उत्तरं आधी मांडून झालेली असली, म्हणजे दुसरं घर शोधायला आपण मदत करू शकतो का, संस्थेकडे मालकी लिहून देतील का, नकार दिला तर कुत्र्याचं पुढे काय होईल, तर बोलणं वेगळं होतं.

हे सतत मनाविरुद्ध करावं लागणं, किंवा योग्य काय ते कळत असून करता न येणं, याला मॉरल डिस्ट्रेस म्हणतात. अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सिंगच्या संदर्भात हा शब्द वापरला आणि आता तो आपल्या क्षेत्रातही बोलला जातो. बरेच जण याला थकवा समजतात आणि सुट्टी घेतात. सुट्टीने झोप भरून निघते, पण आत अडकलेला तो प्रश्न तसाच राहतो. चांगल्या एथिक्स कोर्सचा मला वैयक्तिक फायदा कुठला झाला असेल तर तो हा, की आपल्याला जे बोचतंय त्याला नाव आहे, ते बाकीच्यांनाही बोचतं, आणि त्यावर पायरीपायरीने विचार करता येतो.

रेकॉर्डचं पण असंच. कोर्समध्ये याच्यावर एक मॉड्यूल असतं आणि सगळे ते कंटाळवाणं म्हणून पळवतात, पण आरसीव्हीएसच्या शिस्तभंगाच्या सुनावण्यांचे निकाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात ते वाचा एकदा, खोटी सर्टिफिकेटं आणि मागाहून बदललेल्या नोंदी यांची प्रकरणं पुन्हा पुन्हा येतात. मी एका मॉड्यूलमध्ये बघितलेला सराव मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतो. एकाच म्हाताऱ्या मांजराच्या केस पेपरवर दोन नोंदी शेजारी शेजारी दिल्या होत्या. पहिली, ‘दाढ काढायला सांगितली. मालक नको म्हणाले.’ दुसरी साधारण अशी, ‘खालची डावी दाढ हलते, हिरडीतून पू. भूल देऊन एक्स-रे आणि दाढ काढणे हा पहिला सल्ला. वय आणि किडनीचा जुना त्रास यामुळे भुलीचा धोका किती ते समजावलं. नुसत्या अँटिबायोटिकने मूळ दुखणं जाणार नाही हे सांगितलं. पर्याय म्हणून वेदनाशामक, त्याच्या मर्यादा सांगितल्या. खर्चाचा अंदाज लिहून दिला. मालकांनी विचार करून आत्ता वेदनाशामकावर थांबायचं ठरवलं. खाणं सोडलं किंवा तोंड सुजलं तर लगेच आणावं. दहा दिवसांनी फेरतपासणी.’ मग प्रश्न होता, उद्या दुसऱ्या डॉक्टरने हे मांजर बघितलं तर कुठल्या नोंदीवरून त्याला काम करता येईल, आणि मालकाने तक्रार केली तर कुठली नोंद तुमच्या बाजूने बोलेल. कन्सेंट, म्हणजे मालकाची संमती, ही फॉर्मवरची सही एवढंच डोक्यात असेल तर ही दुसरी नोंद सुचतच नाही. सही शेवटी येते, खरा कन्सेंट त्याआधीच्या बोलण्यात असतो आणि ते बोलणं कागदावर उतरलं पाहिजे.

गुप्ततेचं तर विचारूच नका. मालकाची माहिती बाहेर द्यायची नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण कुत्र्याच्या वेगवेगळ्या वयाच्या मोडलेल्या फासळ्या एक्स-रेमध्ये दिसल्या, सांगितलेली गोष्ट जुळत नाही, आणि सोबत आलेलं लहान मूल गप्प आहे, तर काय? जनावराला मारहाण होणाऱ्या घरात माणसांनाही मारहाण होत असण्याची शक्यता असते हे आता व्यवस्थित मान्य झालेलं आहे. काही ठिकाणी कळवणं सक्तीचं आहे, काही ठिकाणी परवानगी आहे पण सक्ती नाही. आपल्या भागात काय आहे, कोणाला कळवायचं, नंबर कुठे लावून ठेवलाय, हे त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो. आणि हे फक्त डॉक्टरला माहीत असून उपयोग नाही कारण मालक जे डॉक्टरसमोर बोलत नाही ते रिसेप्शनवर किंवा नर्सशी बोलतो. म्हणून मला वाटतं हे कोर्स पूर्ण टीमने एकत्र करावेत, निदान एक मॉड्यूल तरी, आणि नंतर मीटिंगमध्ये त्यावर बोलावं.

ऑनलाइनचा फायदा मी नाकारत नाही, उलट लांबच्या, एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला तर हाच मार्ग आहे, आजूबाजूला चर्चा करायला दुसरा व्हेटच नसतो. फक्त निवडताना मी काय बघते ते सांगते. शिकवणारा नुसता वकील असेल तर कलमं येतात पण ओपीडी येत नाही, नुसता व्हेट असेल तर अनुभव येतात पण कायद्याचं बोट धरलेलं नसतं, दोघं मिळून घेतात तो कोर्स उत्तम. मजकूर शेवटचा कधी अपडेट केलाय आणि कुठल्या देशाच्या कायद्यावर आहे हे पहिल्या पानावर नसेल तर मी पुढे जात नाही. केसवर स्वतःचं उत्तर लिहायला लावतात का, आणि कोणीतरी ते वाचून उलट प्रश्न विचारतं का, हे तर बघतेच, कारण चार पर्यायांतून एक निवडायचा असला की आपण कोर्सवाल्याला काय हवंय ते ओळखतो, स्वतःला काय वाटतं ते तपासत नाही.

आणि एक मोठी उणीव, आतापर्यंत बघितलेल्या बहुतेक कोर्समध्ये सगळी उदाहरणं कुत्र्यामांजरांची. हजारो कोंबड्यांचा शेड, दुधाचा कळप, औषध दिल्यावर दूध आणि मांस किती दिवस विकायचं नाही याचा विथड्रॉवल पिरियड, मालक म्हणतोय एवढं दूध ओतून कसं देऊ, कत्तलखान्यात दाखला देणारा व्हेट ज्याचा पगार कोण देतं यावर दबाव ठरतो, घोड्यांच्या शर्यतीआधी मागितलेलं इंजेक्शन. इथे पेशंट एक नसून कळप असतो आणि ग्राहकाच्या पलीकडे ते दूध पिणारी अनोळखी माणसं असतात. फार्म व्हेटसाठी वेगळा, त्यांच्याच केसेसवर बांधलेला कोर्स हवा आणि तो मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्येही चालणारा हवा. असा कोणी केला असेल किंवा तयार करत असेल तर मला जरूर कळवा, मला तो करायचाय आणि लागली तर केसेस लिहून द्यायलाही मी तयार आहे.