‘नूतनीकरण’ नेमकं कुठल्या विंगचं, ते पैसे भरायच्या आधी विचारा

सांगलीहून पहाटे साडेपाचला निघालो. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, पाली करत बाराच्या सुमारास रत्नागिरीपुढच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर पोचलो. रस्त्याबद्दल एवढंच, की घाटात घाई करू नका.

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. जाहिरातीत ‘संपूर्ण नूतनीकरण, बीचफ्रंट, लक्झरी’ असं होतं. रिसेप्शन खरंच चकाचक. खोलीचं दार उघडलं आणि ओलीचा वास आला. भिंतीला नवा रंग, पण खिडकीखाली हात फिरवला तर पोपडे हातात आले. बाल्कनीचं सरकतं दार खाऱ्या हवेनं अडकलेलं, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी गंजून तुटलेली, शॉवरमधून पाण्याची एकच धार. काउंटरवर उत्तर मिळालं, “साहेब, काम समोरच्या विंगचं झालंय. तुमचं बुकिंग गार्डन विंगचं आहे.” तासभर भांडल्यावर खोली बदलून मिळाली. आईचे गुडघे दुखतात, ती तेवढा वेळ सोफ्यावर बसून होती. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून बुकिंगआधी फोन करा. विंग आणि खोली नंबर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, बाथरूम आणि बाल्कनीचा त्याच दिवशीचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली तर ते हॉटेल सोडा.

आता पैसे. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर एक रुपया गेला तरी १८. आम्ही ८,००० ची घेतली, पडली ९,४४० ला. ७,५०० ची ७,८७५ ला पडली असती. ५०० रुपयांच्या फरकापायी रात्रीला १,५६५ गेले. अशा हॉटेलात जेवणावरही १८ टक्के लागतात. त्यात जेवणाच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपसूक लावलेला. तो सक्तीनं घेता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी मॅनेजरला एवढंच सांगितलं आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काढून दाखवला. ६,४०० च्या बिलातले ६४० आणि त्यावरचा कर, दोन्ही निघालं. बिल सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा.

‘बीचफ्रंट’चंही तसंच. आम्ही पोचलो ती पौर्णिमा. दुपारच्या भरतीला पाणी पायऱ्यांना लागलेलं, वाळू दिसतच नव्हती. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. मुलांना वाळूत खेळवायचं असेल तर तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. आणि गणपतीपुळ्याच्या पाण्यात कमरेपलीकडे जाऊच नका, तिथे दरवर्षी माणसं बुडतात.

दुसरा दिवस छान गेला. तिसऱ्या सकाळी ओहोटीला आई अनवाणी, काठीशिवाय, लांबपर्यंत चालली. नवी विंग मिळणार असेल तर मी पुन्हा जाईन, पण ७,५०० च्या आतल्या खोलीतच.