एका थेंबातली मादी

आज दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. काचेवर तळ्याच्या पाण्याचा थेंब आणि त्यात सायक्लॉप्सची मादी, जेमतेम एक मिलिमीटरची. डोक्याच्या मधोमध एकच लालसर डोळा, मागे दोन्ही बाजूंना अंड्यांनी गच्च भरलेली एकेक पिशवी. जरा स्थिर होते न होते तोच अशी झटक्यात उसळी मारायची की नजरेआडच!

हे कोपेपॉड, म्हणजे खेकडा-कोळंबीचे दूरचे नातेवाईक. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. साधारण ११ वेळा कात टाकल्यावर ते प्रौढ होतं.

समुद्रात तर सगळा डोलारा यांच्यावरच उभा आहे. सूक्ष्म शैवाल हे खातात आणि यांना मासे. उत्तर अटलांटिकमधला कॅलानस नावाचा कोपेपॉड अंगात चरबी साठवून हिवाळा खोल पाण्यात काढतो. अजस्र राइट व्हेल जगतो तो प्रामुख्याने याच तांदळाएवढ्या जिवावर! शिवाय कितीतरी जाती रात्री वर येऊन चरतात, दिवसा खोल जातात. त्यांची विष्ठा तळाकडे बुडते आणि हवेतून पाण्यात आलेला कार्बन सोबत नेते. मला हे सगळ्यात थोर वाटतं.

नारूचा जंतू माणसात शिरतो तोही सायक्लॉप्समधूनच, म्हणून पाणी कापडाने गाळून प्यायचं. पण त्याचाच भाऊबंद मेसोसायक्लॉप्स डासांच्या अळ्या फस्त करतो. व्हिएतनाममध्ये डेंगीचे डास आटोक्यात आणायला तो पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडला गेला.