केशरी रंग

"लघवी केशरी झाली गं, म्हणून बंद केल्या." आजींनी उशीखालून स्ट्रिप काढून माझ्या हातात ठेवली. चारपैकी दोनच डोस घेतलेले.

त्यांच्या नातवाला मेंदूज्वर झालाय, मेनिन्गोकोकस नावाच्या जंतूचा. तो दवाखान्यात आहे. घरातल्यांना रिफाम्पिसिन दिलंय, 2 दिवस, सकाळ-संध्याकाळ. या औषधाने लघवी केशरी होते, घाम आणि अश्रूसुद्धा. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

हे सांगायला दहा सेकंद लागतात. आणि त्या घरात औषध घेऊन मीच गेले होते. डोस समजावले, यादीत खूण केली, पुढचं दार वाजवलं. रंगाचं सांगायचं राहूनच गेलं.

"मला तर काहीच होत नाहीये," आजी म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. हा जंतू धडधाकट माणसाच्या घशात गुपचूप राहतो आणि थुंकीच्या तुषारांतून जवळच्या माणसाकडे जातो. म्हणून तर औषध आजारी नसलेल्यांनाही द्यायचं. हेही मी आजच नीट सांगितलं, त्यांच्या शेजारी बसून. मग डॉक्टरांना फोन लावून दिला, पुढचं ते त्यांच्याशीच बोलले.

निघताना आजी म्हणाल्या, "दोन रात्री झोपले नाही गं मी. वाटलं, मलाही झालं."

दोन रात्री! एकट्याच, कुणाला न सांगता.

आता यादी समोर घेऊन बसलेय. खुणा सगळ्या घरांपुढे आहेत. यातल्या आणखी किती उशांखाली अशी स्ट्रिप असेल?